‘प्रेस’ या शब्दाचीं घरें

गेल्या पावसाळ्यांत इयत्ता नववीच्या वर्गास आम्हीं इंग्रजी वर्तमानपत्रांतील एक लहानशी बातमी मराठींत उतरावयास दिली होती. बातमी अगदीं साधी होती. एका नगरपालिकेची सभा भरली. सभा खाजगी असल्यामुळें वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींस आंत घेतलें नाहीं. सभा आटोपल्यावर अध्यक्षांनीं त्यांच्या हातीं एक लेखी निवेदन दिलें. एवढ्या मजकुरांत ‘प्रेस’ हा शब्द तीन वेळां आला होता. आम्हांस वाटलें होतें कीं, हा शब्द मुलांच्या रोजच्या कानांवरचा आहे, तेव्हां त्यावर कोणी अडखळणार नाहीं. वह्या तपासावयास घेतल्या, तेव्हां मात्र आमचा भ्रम दूर झाला. एका विद्यार्थ्यानें लिहिलें होतें, “छापण्याचें यंत्र सभेच्या बाहेर ठेवण्यांत आलें.” दुसऱ्यानें लिहिलें होतें, “इस्त्री करणाऱ्यास सभेंत येऊं दिलें नाहीं.” एका मुलीनें कोश उघडून पाहिला असावा, कारण तिनें ‘दाब’ हा शब्द योजिला होता व दाबास आंत कां घेतलें नाहीं याविषयीं समासांत एक प्रश्नचिन्हही काढलें होतें.

वर्गांत हीं वाक्यें वाचून दाखविलीं, तेव्हां हंशा पिकला, आणि खरें सांगावयाचें तर त्यांत आम्हीही सामील झालों. पण मागाहून विचारपूस करितां असें कळलें कीं, पहिल्या मुलाचे चुलते बाजारांतील एका छापखान्यांत कामास आहेत, आणि घरीं ‘काका प्रेसमध्यें गेले’ हें वाक्य रोज सकाळीं उच्चारिलें जातें. दुसऱ्याच्या वडिलांचें कपडे धुण्याचें दुकान आहे, आणि ‘येथें कपडे प्रेस करून मिळतील’ ही पाटी वाचीत वाचीतच तो अक्षरें शिकला. म्हणजे चूक अशी कोणाचीच नव्हती. ज्याच्या घरीं तो शब्द ज्या कामास लागला होता, त्याच कामाचा अर्थ त्यानें शाळेंत आणिला होता. हंसण्याचें कारण राहिलें नाहीं. शब्दाचा थोडा शोध घेण्याचें कारण मात्र उरलें. तोच शोध आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडीत आहों.

समासांत प्रश्नचिन्ह काढणारी ती मुलगी मुळाशीं सर्वांत अधिक जवळ होती. हा शब्द लॅटिन भाषेंतील ‘दाबणें’ या अर्थाच्या धातूपासून निघून फ्रेंच भाषेच्या वाटेनें इंग्रजींत आला. प्रथम तो दाबण्याच्या साधनांस लागला. द्राक्षांचा रस काढावयाचा, जैतुनाचें तेल गाळावयाचें, ओलें कापड वा कागद पिळून सपाट करावयाचा, यांसाठीं युरोपांत मोठ्या मळसूत्राचीं लांकडी यंत्रें असत; त्यांस हें नांव होतें. जर्मनींतील माइन्झ शहरीं गुटेनबर्ग यानें इसवी सन १४५५ च्या सुमारास बायबल छापून पुरें केलें, तेव्हां खिळ्यांवर कागद दाबण्याकरितां त्यानें याच जातीचें मळसूत्राचें यंत्र उपयोगांत आणिलें. यंत्र तेंच, म्हणून नांवही तेंच राहिलें. जुन्या करारांत ज्या द्राक्षकुंडाचा उल्लेख आपण वारंवार वाचितों, त्याचें इंग्रजी नांव आणि वर्तमानपत्राचें इंग्रजी नांव हीं अशीं एका कुळांतलीं आहेत.

याच शब्दाचा आणखी एक जुना अर्थ आहे, तो आतां इंग्रजींतही मागें पडला आहे. जेथें माणसांस माणसें दाबितात ती ‘प्रेस’, म्हणजे दाटी किंवा गर्दी. इ. स. १६११ चें इंग्रजी भाषांतर ज्यांच्या घरीं आहे, त्यांनीं लूकच्या शुभवर्तमानाचा एकोणिसावा अध्याय काढून पाहावा. जक्कय ठेंगणा होता, गर्दीमुळें त्यास येशू दिसेना, म्हणून तो उंबराच्या झाडावर चढला, ही कथा आमच्या शाळेंतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. त्या जुन्या भाषांतरांत गर्दीस ‘प्रेस’ असेंच म्हटलें आहे. आजच्या एखाद्या विद्यार्थ्यानें तें वाचलें, तर वार्ताहरांनीं चोहोंकडून वेढल्यामुळें जक्कयाची पंचाईत झाली, असें तो खुशाल लिहील! (आणि एखाद्या पुढाऱ्याच्या भोंवतीं आज जी कॅमेऱ्यांची दाटी दिसते ती पाहिली, म्हणजे दोन्ही अर्थ पुन्हां एकत्र आले कीं काय, असें आम्हांसही वाटतें.)

आतां आपल्या देशाकडे येऊं. छापण्याचें यंत्र हिंदुस्थानांत प्रथम गोव्यास इ. स. १५५६ सालीं जेझुइट धर्मगुरूंबरोबर आलें. फादर स्टीफन्स यांचें मराठी ओंवीबद्ध क्रिस्तपुराण १६१६ सालीं गोव्यांतच रायतूर येथें छापलें गेलें. पण तें रोमन लिपींत. देवनागरी खिळ्यांनीं मराठीविषयींचें पुस्तक छापण्याचें काम पुढें दूर बंगालमध्यें सिरामपूर येथें झालें, आणि विल्यम कॅरी यांचें मराठी भाषेचें व्याकरण १८०५ सालीं तेथून निघालें. मुंबईस अमेरिकन मिशनचा छापखाना १८१७ च्या सुमारास चालूं झाला. त्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखालीं ज्या मुलानें लहानपणीं उमेदवारी केली, त्या जावजी दादाजी यांनींच पुढें निर्णयसागर छापखाना काढिला, आणि निर्णयसागराच्या वळणदार अक्षरांत आपल्या आज्या-पणज्यांनीं पोथ्या वाचल्या. मिशनच्या छापखान्यांतून शिकून निघालेल्या हातांनीं हिंदूंचे धर्मग्रंथ छापावे, ही गोष्ट आम्हांस नेहमींच मोठी मौजेची व समाधानाची वाटत आली आहे.

या सर्व काळांत लोकांनीं त्या यंत्रास काय म्हटलें? एक तर ‘छापखाना’ म्हटलें. त्यांत ‘छाप’ आपल्या देशांतील व ‘खाना’ फारसी. दुसरें, इंग्रजी नांवच उचलून त्यास आपलें केलें. दगडावर तेलकट शाईनें मजकूर उतरून त्यावरून कागद छापण्याची जी युक्ति निघाली, तिला मराठींत ‘शिळाप्रेस’ हें नांव पडलें. अर्धा शब्द संस्कृत, अर्धा इंग्रजी, आणि जोड अशी बेमालूम कीं, ऐकणाऱ्यास सांधा दिसूं नये. खिळे पाडण्याचा खर्च ज्यांस झेपत नसे, त्यांस ही शिळा मोठी सोयीची होती. शिवाय बालबोध असो कीं मोडी असो, हातानें जें वळण लिहावें तेंच कागदावर उमटे. लिंगाच्या बाबतींत मात्र या पाहुण्या शब्दाचें अद्याप ठरलेलें नाहीं. कोणी ‘माझा प्रेस’ म्हणतो, कोणी ‘प्रेस बंद पडली’ म्हणतो. आम्हीं स्वतः दोन्ही प्रकार एकाच गृहस्थाच्या तोंडून एकाच संभाषणांत ऐकिले आहेत.

यंत्र आलें, त्यामागून वर्तमानपत्रें आलीं. बाळशास्त्री जांभेकर यांचें ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईस निघालें, आणि त्या दिवसाची आठवण म्हणून महाराष्ट्रांत ६ जानेवारी हा पत्रकारदिन मानितात. यानंतर अवघ्या दहा वर्षांनीं, १८४२ सालीं, ‘ज्ञानोदय’ हें पत्र अमेरिकन मराठी मिशननें सुरू केलें, आणि त्याचा जन्म मुंबईचा किंवा पुण्याचा नसून आपल्या अहमदनगरचा आहे. (शहराचें व जिल्ह्याचें नांव २०२४ पासून अहिल्यानगर झालें असलें, तरी जुन्या गोष्टी सांगतांना जुनें नांव येणारच.) पुढें तें पत्र मुंबईस गेलें, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्यासारख्या कवीनें त्याच्या संपादनांत हात घातला, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको.

पण आम्हांस विद्यार्थ्यांचें लक्ष विशेषेंकरून दुसऱ्या एका पत्राकडे वेधावयाचें आहे. नेवासें तालुक्यांत तरवडी नांवाचें खेडें आहे. वर्तमानपत्र ही शहरांतील शिकलेल्या लोकांची वस्तु, अशी ज्या काळीं सर्वांची समजूत होती, त्या काळीं मुकुंदराव पाटील यांनीं १९१० सालीं सुरू केलेलें ‘दीनमित्र’ हें साप्ताहिक या खेड्यांतून चालविलें. सत्यशोधक विचाराचे मुकुंदराव १९६७ सालीं वारले. अर्धशतकाहून अधिक काळ त्यांनीं शेतकऱ्यांच्या व मागासलेल्या म्हटल्या जाणाऱ्या जातींच्या बाजूनें लेखणी झिजविली. धर्माविषयींचीं त्यांचीं सर्वच मतें आम्हांस मान्य होतील असें नाहीं. तथापि ‘प्रेस’ म्हटलें कीं ज्यांच्या डोळ्यांपुढें मुंबईची एखादी उंच इमारतच उभी राहते, त्यांनीं तरवडीचें नांव ध्यानांत ठेवावें. इंग्रजी बातमींत ‘प्रेस’ असा एकवचनी शब्द येतो खरा, पण त्याच्या पोटांत अशीं शेंकडों लहानमोठीं पत्रें असतात, आणि त्यांचें एकमेकांशीं पटतेंच असें नाहीं. ‘प्रेसचें म्हणणें असें’ हें वाक्य म्हणूनच फार जपून वाचावें लागतें. कोणत्या पत्राचें म्हणणें?

यंत्राचें नांव यंत्र चालविणाऱ्यांस केव्हां लागलें? भाषेंत हें नेहमींच घडतें. आपण ‘साऱ्या गांवानें पाहिलें’ म्हणतों, तेव्हां घरें व रस्ते पाहात नसतात. तसेंच छापण्याच्या यंत्रावरून छापखान्याचें, छापखान्यावरून छापलेल्या पत्रांचें, आणि पत्रांवरून तीं लिहिणाऱ्या माणसांचें नांव ‘प्रेस’ पडलें. परंतु हा केवळ अलंकार नव्हता, हें आपल्या इतिहासांत स्पष्ट दिसतें. सरकारास जेव्हां लिहिणाऱ्याचें तोंड बंद करावयाचें असे, तेव्हां तें नेमका यंत्रावर हात टाकी. लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत १८७८ च्या मार्च महिन्यांत देशी भाषांतील पत्रांसाठीं निराळा प्रेस कायदा झाला. त्यानें मॅजिस्ट्रेटास असा अधिकार दिला कीं, त्यानें मुद्रकाकडून व प्रकाशकाकडून जामीनकतबा लिहून घ्यावा, पैसे अनामत ठेववून घ्यावे, आणि सरकारास न रुचणारा मजकूर पुन्हां आल्यास अनामतही जावी व यंत्रही जावें. त्यावर न्यायालयांत दाद मागण्याची सोय नव्हती. इंग्रजी पत्रांस हा कायदा लागू नव्हता. म्हणून बंगालमधील ‘अमृत बझार पत्रिका’ या पत्रानें एकाएकीं आपली भाषा बदलून इंग्रजी वेष धारण केला, ही हकीकत प्रसिद्धच आहे. लॉर्ड रिपन यांनीं १८८२ सालीं तो कायदा उठविला. पण १९१० सालीं जामिनाचा फांस नव्या प्रेस कायद्यानें पुन्हां आवळला गेला, आणि तो १९२२ पर्यंत टिकला. या कायद्यांच्या नांवांतील ‘प्रेस’ म्हणजे लिहिणारी माणसें कीं लोखंडाचें यंत्र? दोन्ही. म्हणूनच त्यांचा धाक होता. संपादक तुरुंगांत गेला तरी दुसरा लिहिणारा मिळे. गहाण टाकून घेतलेलें यंत्र गेलें, म्हणजे छापखानेवाल्याचा संसारच जाई.

याच संदर्भांत एक लहान गोष्ट दाखवून ठेवितों. वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर अगदीं तळाशीं बारीक अक्षरांत एक ओळ असते. तींत मुद्रक कोण, प्रकाशक कोण, छापलें कोठें, संपादक कोण, हें दिलेलें असतें. ही ओळ बहुतेक कोणीही वाचीत नाहीं. मुद्रकाचें व प्रकाशकाचें नांव छापलेंच पाहिजे, हा दंडक १८६७ च्या कायद्यानें घातला. तो कायदा दीडशें वर्षांहून अधिक चालला. त्याच्या जागीं नियतकालिकांसाठीं नवा कायदा २०२३ सालीं होऊन १ मार्च २०२४ पासून अंमलांत आला आहे. ‘प्रेस’ या एकवचनी, बिनचेहऱ्याच्या शब्दामागें जीं हाडामांसाचीं माणसें उत्तरदायी असतात, त्यांचीं नांवें त्या ओळींत सांपडतात.

‘प्रेसचें स्वातंत्र्य’ हा शब्दप्रयोग मुलांच्या निबंधांत नेहमीं येतो, आणि तें स्वातंत्र्य आपल्या राज्यघटनेनें दिलें आहे, असेंही पुढें लिहिलेलें असतें. तें चूक नाहीं. पण घटनेचें एकोणिसावें कलम उघडून पाहिलें, तर त्यांत ‘प्रेस’ हा शब्द कोठेंही आढळत नाहीं. अमेरिकेच्या घटनेंत १७९१ सालीं झालेल्या पहिल्या दुरुस्तींत तो स्पष्ट आहे. आपल्या घटनेंत नागरिकाचें भाषण-स्वातंत्र्य व विचार प्रकट करण्याचें स्वातंत्र्य एवढेंच म्हटलें आहे. घटना समितींत हा प्रश्न निघाला, तेव्हां डॉ. आंबेडकरांनीं असें उत्तर दिलें कीं, वृत्तपत्र हें नागरिकाचेंच दुसरें नांव आहे. संपादक लिहितो तो नागरिक म्हणून लिहितो, आणि त्यास नागरिकाहून निराळा असा खास हक्क नाहीं. पुढें सर्वोच्च न्यायालयानेंही वृत्तपत्रांचें स्वातंत्र्य याच कलमाच्या पोटांत आहे, असा अर्थ केला. तेव्हां मोटारसायकलीच्या पुढें मोठ्या लाल अक्षरांत ‘प्रेस’ असें लिहून जे तरुण आमच्या शाळेवरून भरधांव जातात, त्यांस त्या पांच अक्षरांनीं... पण मराठींत तर तीं दोनच होतात! तर त्या दोन अक्षरांनीं वाहतुकीच्या नियमांतून कोणतीही सुटका मिळत नाहीं. आमच्या नववींतील त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनीं आपल्या सायकलीस तीच पाटी लाविली, तर ती अधिक खरी ठरेल.

आतां बातम्यांत या शब्दाचे जे जोडशब्द येतात, त्यांजकडे वळूं. ‘प्रेस कॉन्फरन्स’ म्हणजे पत्रकार परिषद. हा मराठी शब्द आतां रुळला आहे. ‘प्रेस गॅलरी’ म्हणजे विधिमंडळांत वार्ताहरांची बसण्याची सज्जांतील जागा. ‘फ्री प्रेस’ याचा अर्थ फुकट मिळणारें पत्र असा एका मुलानें केला होता. अर्थात् तेथें ‘फ्री’ म्हणजे स्वतंत्र. ‘प्रेस ट्रस्ट ऑफ इंडिया’ हा धर्मादाय ट्रस्ट नव्हे, आणि वर्तमानपत्रही नव्हे. १९४९ पासून ती संस्था देशोदेशींच्या बातम्या गोळा करून वर्तमानपत्रांस पुरवीत आली आहे, आणि बातमीच्या आरंभीं कंसांत ‘पी. टी. आय.’ अशीं अक्षरें असलीं, तर ती त्या पत्राच्या वार्ताहराची नव्हे, असें समजावें. ‘स्टॉप प्रेस’ हा प्रयोग आतां क्वचित् दिसतो. चालतें यंत्र थांबवून ऐनवेळीं आलेली बातमी मोकळ्या सोडलेल्या जागेंत घालीत, तिचें हें नांव. ‘चांगली प्रेस मिळाली’ याचा अर्थ एखाद्या गृहस्थाविषयीं पत्रांत अनुकूल लिहून आलें. येथें यंत्रही नाहीं व माणसेंही नाहींत, केवळ लौकिक आहे.

आणि ‘प्रेसला आग’ असा मथळा आला तर? आपल्या जिल्ह्यांत शेवगांवच्या बाजूस कापूस होतो. सरकी काढून रुईच्या गांठी दाबून बांधण्याच्या कारखान्यासही लोक प्रेसच म्हणतात. मथळ्यावरून छापखाना जळाला कीं कापूस जळाला, हें कळण्यास बातमी पुरती वाचण्यावांचून गत्यंतर नाहीं.

या सर्वांत ‘प्रेस नोट’ हा जोडशब्द आम्हीं मुद्दाम शेवटीं ठेविला आहे, कारण त्यापायीं आमच्या एका विद्यार्थिनीचें नुकसान झालें. दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. ऑगस्ट महिना होता, झड लागली होती. सायंकाळीं पालकांच्या मोबाइलवर एक मजकूर फिरूं लागला. वर ठळक अक्षरांत ‘प्रेस नोट’, खालीं ‘अतिवृष्टीमुळें उद्यां जिल्ह्यांतील सर्व शाळा बंद’. दुसऱ्या दिवशीं शाळा भरली, तोंडी परीक्षा ठरल्याप्रमाणें झाली, आणि खेड्यांवरून येणारीं अकरा मुलें गैरहजर राहिलीं. दहाजणांची परीक्षा मागाहून घेतां आली. अकरावी मुलगी त्याच आठवड्यांत तापानें पडली, आणि तिचे ते गुण राहिलेच. तिचे वडील आमच्याकडे आले, ते रागावून नव्हे, तर खरोखरच कोड्यांत पडून. मोबाइल पुढें धरून ते म्हणाले, “सर, वर प्रेस नोट असें लिहिलें आहे. प्रेसमध्यें छापलेलें खोटें कसें असेल?”

तो मजकूर कोणत्याही प्रेसमध्यें छापला गेला नव्हता. पण शब्दाचें वजन जुनें होतें. खिळे जुळविणारा, मुद्रितें तपासणारा, यंत्र चालविणारा, आणि तळाशीं नांव देऊन जबाबदारी घेणारा, इतक्या हातांतून गेल्याखेरीज पूर्वीं कांहीं छापलें जात नसे, आणि त्या सर्व हातांचा विश्वास त्या गृहस्थांच्या मनांत ‘प्रेस’ या शब्दांत सांठलेला होता. आम्हीं त्यांस समजावून सांगितलें तें असें. प्रेस नोट म्हणजे प्रेसनें दिलेली सूचना नव्हेच. सरकारनें, संस्थेनें किंवा व्यक्तीनें प्रेसला, म्हणजे वर्तमानपत्रांस, पाठविलेलें टिपण होय. मराठींत त्यास प्रसिद्धिपत्रक म्हणतात, आणि हा शब्द अधिक प्रामाणिक आहे. कारण प्रसिद्धि कोणास हवी आहे, असा प्रश्न तो आपोआप उत्पन्न करितो. त्यावर काढणाऱ्या कचेरीचें नांव, तारीख व सही असावयास पाहिजे. वर्तमानपत्र तें पडताळून, कांटछांट करून छापील किंवा छापणारही नाहीं. गृहस्थांनीं मान डोलविली, मोबाइलवरचा तो मजकूर पुन्हां खालवर सरकवून पाहिला, आणि म्हणाले, “खालीं कांहींच नाहीं.”

गेल्या वर्षीं पुन्हां तशीच झड लागली, आणि तसाच एक मजकूर आला. सकाळीं सात वाजतां आम्ही फाटकाशीं आलों, तों त्या मुलीचा धाकटा भाऊ दप्तरावर प्लास्टिकची पिशवी ओढून ओलाचिंब उभा. तो पांचवींत आहे. गांवापासून तीन किलोमीटर चालत आला होता. “सर, प्रेस नोट आली होती,” तो म्हणाला, “पण बाबा म्हणाले, खालीं सही नाहीं, तूं जा.” त्या दिवशींची सूचना खरी होती, जिल्हाधिकाऱ्यांचीच होती. कोणीतरी पुढें पाठवितांना चित्राचा खालचा भाग कापून टाकिला होता, आणि सही त्यांतच गेली होती. पहारेकऱ्यानें त्यास आपल्यांतला अर्धा कप चहा दिला, पाऊस ओसरेपर्यंत कट्ट्यावर बसवून घेतलें, आणि मग तो घरीं गेला.